रोग तेवढा छेदावा : लक्ष्यवेधी कर्करोगोपचाराचा इतिहास

जिनमंदिरांच्या भिंतींवर षट्लेश्येचे चित्र अनेकांनी पाहिलेले असते. अरण्यातून जाणाऱ्या सहा भुकेल्या वाटसरूंना फळांनी लगडलेला एक वृक्ष दिसतो. पहिल्याला वाटते, वृक्ष मुळासकट उपटावा. दुसरा म्हणतो, मूळ राहू द्यावे, बुंधा तोडावा. तिसरा मोठ्या फांदीवर समाधान मानतो, चौथा लहान डहाळीवर. पाचवा केवळ फळे तोडू इच्छितो आणि सहावा भुईवर पडलेली फळे वेचून भूक भागवतो. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या ‘गोम्मटसार’ ग्रंथाच्या जीवकांडातही हा दृष्टान्त आहे. भूक सहाही जणांची सारखीच आहे. भेद आहे तो भूक भागविताना वृक्षाची किती हानी करावयाची, याविषयीच्या त्यांच्या परिणामांत.

लेश्या हा आत्म्याच्या परिणामांचा विषय आहे, वैद्यकशास्त्राचा नव्हे, हे उघड आहे. तरीही कर्करोगावरील उपचारांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास समजून घेताना या दृष्टान्ताइतके सोयीचे साधन दुसरे सापडणार नाही. कारण या इतिहासातही प्रश्न तोच आहे. रोग नाहीसा करावयाचा. पण त्यासाठी निरोगी शरीराचा किती भाग तोडावयाचा, जाळावयाचा, विषाने भिजवावयाचा?

प्रारंभ पहिल्या वाटसरूपासून झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद विल्यम हॅलस्टेड यांनी 1894 मध्ये स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी असे सारे एकत्रच काढून टाकण्याची ही पद्धत होती. तिला ‘रॅडिकल’ असे नाव पडले. लॅटिन भाषेत या शब्दाचे मूळ ‘मूळ’ हेच आहे. रोगाचे निर्मूलन व्हावे, हा हेतू शुद्धच होता. परंतु त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत असंख्य स्त्रियांना छातीचा खोलगट व्रण, आखडलेला खांदा आणि सुजलेला हात घेऊन उर्वरित आयुष्य काढावे लागले. एवढे तोडणे खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला तो पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी. 1971 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या परीक्षणात दीड हजारांहून अधिक स्त्रिया सहभागी झाल्या. स्नायू काढलेल्या आणि न काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात पंचवीस वर्षांनंतरही फरक आढळला नाही, हे 2002 मध्ये सिद्ध झाले. दरम्यान, केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यासही तेवढेच यश येते, हेही फिशर यांच्या दुसऱ्या परीक्षणाने 1985 मध्ये दाखवून दिले होते. वृक्ष मुळापासून उपटणे हे अनेकांच्या बाबतीत निष्कारण होते.

शस्त्र जेथे पोहोचत नाही तेथे औषध पोहोचावे, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांची. कापड रंगविण्याचे काही रंग विशिष्ट पेशींनाच चिकटतात आणि शेजारच्या पेशींना स्पर्शही करीत नाहीत, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. जो रंग निवडून चिकटतो, त्याच्याच जातीचे एखादे विष केवळ रोगजंतूलाच चिकटून त्याला का मारणार नाही, असा त्यांचा तर्क होता. अशा औषधाला त्यांनी ‘जादूची गोळी’ म्हटले, म्हणजे बंदुकीतून सुटणारी गोळी. जपानी सहकारी साहाचिरो हाता यांच्यासह 1909 मध्ये त्यांनी उपदंशावरील औषध शोधले आणि तर्क खरा ठरला. कर्करोगापुढे मात्र तो हरला. रोगजंतू परका असतो, त्याची घडण वेगळी असते. कर्करोगाची पेशी ही आपल्याच देहातील, आपल्याच पेशीपासून बिघडलेली. घरातील माणूस आणि चोर यांचा चेहरा एकच असेल, तर गोळी कोणावर झाडावयाची? 1915 मध्ये एर्लिख निवर्तले तेव्हा या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळही नव्हते.

उत्तर नसताना जे हाती लागले ते युद्धातील विष होते. 2 डिसेंबर 1943 रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी बाँबवर्षाव केला. बंदरात उभ्या असलेल्या ‘जॉन हार्वे’ या अमेरिकी जहाजात मस्टर्ड वायूचे बाँब गुप्तपणे ठेवलेले होते. जखमींची तपासणी करणारे लष्करी डॉक्टर स्टुअर्ट अलेक्झांडर यांना आढळले की, मृतांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. याच जातीचे नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी 1942 मध्येच लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला देऊन पाहिले होते. युद्धकालीन गुप्ततेमुळे ते 1946 पर्यंत प्रसिद्ध झाले नाही. किमोथेरपीचा जन्म असा झाला. वेगाने विभागणारी पेशी दिसली की मारावी, एवढेच या औषधांना कळत असे. केसांची मुळे, आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा येथील निरोगी पेशीही वेगाने विभागतात. म्हणून केस गळतात, अन्न पोटात ठरत नाही, रक्त पातळीच्या खाली जाते. हे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाटसरूचे काम झाले.

या कालखंडातील एक नाव भारतीय वाचकांनी विसरता कामा नये. आंध्रातील भीमावरम येथे 1895 मध्ये जन्मलेले आणि मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे दोन भाऊ स्प्रू या आतड्याच्या रोगाने दगावले होते. पुढे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्प्रूवर उपयुक्त ठरणाऱ्या फॉलिक आम्लाची निर्मिती झाली. त्याच आम्लाशी साम्य असणारे, पण पेशीला फसवून तिची वाढ रोखणारे अमिनोप्टेरिन हेही तेथेच सिद्ध झाले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने अत्यवस्थ असलेल्या 16 मुलांना दिले. त्यांपैकी 10 मुलांमध्ये काही काळापुरती का होईना, सुधारणा दिसली. 1948 मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी सुब्बाराव कालवश झाले. अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले, त्यामागेही रक्ताचा कर्करोगच होता. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे 1931 मध्ये याच रोगाने निधन झाले होते.

घरचा माणूस आणि चोर यांतील फरक प्रथम दिसला तो अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे. 1960 मध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना दीर्घकालीन मायलॉइड ल्यूकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड झालेले आढळले. त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव पडले. तुटलेला तुकडा गेला कोठे, याचा शोध लागायला तेरा वर्षे लागली. शिकागो विद्यापीठातील डॉ. जॅनेट राउली गुणसूत्रांची छायाचित्रे घरी आणीत, जेवणाच्या मेजावर कात्रीने कापून त्यांच्या जोड्या लावीत. आई कागदी बाहुल्या खेळते, अशी मुले थट्टा करीत. 1973 मध्ये या खेळातूनच त्यांच्या ध्यानी आले की, बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्यावर जाऊन बसला आहे आणि नवव्याचा बाविसाव्यावर आला आहे. गुणसूत्रांतील असा बिघाड हा कर्करोगाचा परिणाम मानला जाई. तो कारणही असू शकतो, या मताला राउली यांच्या कामामुळे बळ आले.

पुढील उलगडा 1980 नंतरच्या दशकात झाला. या अदलाबदलीमुळे दोन जनुके एकमेकांना चुकीच्या ठिकाणी जोडली जातात आणि त्यांतून एक विकृत विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होते. निरोगी पेशीत हे विकर दिव्याच्या बटणासारखे असते, गरजेपुरते चालू होऊन बंद होते. विकृत विकराचे बटण चालू अवस्थेतच अडकून बसते आणि पेशीला ‘विभागत राहा’ असा आदेश अहोरात्र मिळत राहतो. उंदरांच्या अस्थिमज्जेत हे एकच विकृत जनुक घातले असता तोच रोग होतो, हे 1990 मध्ये सिद्ध झाले. रोगाचे मूळ असे एका जागी सापडण्याचे भाग्य वैद्यकाला क्वचितच लाभते.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा-गायगी या कंपनीत निकोलस लायडन, अ‍ॅलेक्स मॅटर आणि रसायनशास्त्रज्ञ युर्ग झिमरमन हे अशा विकरांना रोखणारी रसायने तयार करीत होते. विकराच्या अंगी एक खोबण असते. त्यात पेशीचे इंधन येऊन बसते. त्या खोबणीत नेमके बसणारे दुसरे रसायन आधीच जाऊन बसले, तर इंधनाला जागा उरत नाही. अडचण अशी की, शरीरात याच जातीची शेकडो विकरे आहेत आणि त्यांच्या खोबणी एकमेकींसारख्या आहेत. सर्वांना एकदम रोखणारे रसायन म्हणजे पुन्हा विषच. अनेक रेणू घडवून व मोडून जो हाती आला तो मोजक्याच विकरांना रोखत होता. ओरेगनमधील पोर्टलंड येथील डॉ. ब्रायन ड्रूकर यांनी तो रुग्णांच्या पेशींवर तपासला. रोगट पेशी मेल्या, निरोगी पेशी जगल्या. तरीही कंपनी संकोचत होती. कुत्र्यांवरील चाचण्यांत यकृतावर दुष्परिणाम दिसले होते आणि रोग तसा दुर्मीळ असल्याने खप किती होणार, हाही हिशेब होताच. 1996 च्या विलीनीकरणानंतर कंपनीचे नाव नोव्हार्टिस झाले. ड्रूकर यांचा पाठपुरावा चालूच राहिला. अखेर जून 1998 मध्ये पहिल्या रुग्णाला औषध मिळाले.

निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते 2001 मध्ये. जुने औषध निरुपयोगी ठरलेल्या आणि दररोज 300 मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्या 54 रुग्णांपैकी 53 जणांचे रक्त पूर्ववत झाले होते. केस गळाले नाहीत, रुग्णालयात खाट अडवावी लागली नाही; घरी बसून गोळी घ्यावयाची. मे 2001 मध्ये अमेरिकेने इमॅटिनिबला मान्यता दिली. अस्थिमज्जा रोपण न झालेला रुग्ण ज्या रोगात पूर्वी बहुधा चार-पाच वर्षांतच दगावत असे, त्यात पाच वर्षांनंतर शंभरांपैकी 89 रुग्ण हयात असल्याचे 2006 च्या अहवालात नमूद झाले.

गोळी सापडली, ती परवडते कोणाला, हा प्रश्न उरला आणि त्याचा निकाल भारतात लागला. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे 1,20,000 रुपये होता, तर भारतीय कंपन्या तेच औषध आठ ते दहा हजारांत देत होत्या. 1970 च्या कायद्यानुसार भारतात औषधी द्रव्यावर पेटंट मिळत नसे. 2005 मध्ये कायदा बदलला. इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिसने 1998 मध्येच चेन्नईत अर्ज करून ठेवला होता. त्याला हरकत घेणाऱ्यांत भारतीय औषध कंपन्यांबरोबर मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ ही रुग्णसाहाय्य संस्थाही होती. कायद्याचे कलम 3(ड) सांगते की, माहीत असलेल्या द्रव्याच्या केवळ नव्या रूपाला, त्याची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याखेरीज, पेटंट देता येत नाही. जानेवारी 2006 मध्ये अर्ज फेटाळला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने 1 एप्रिल 2013 रोजी कंपनीचे अपील नामंजूर केले. भारतात बहुसंख्य रुग्णांना आपण औषध विनामूल्यच देतो, असे कंपनीचे म्हणणे होते आणि तिची तशी योजना खरोखरच चालू होती. परंतु दान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असलेले औषध आणि बाजारात रास्त दरात मिळणारे औषध यांत फरक आहे. धर्मादाय कार्य करणाऱ्यांना तो अधिक सांगावयास नको.

इमॅटिनिब पूर्ण निर्दोष होते असे नाही. अंगावर सूज, स्नायूंत गोळे येणे असे त्रास होतातच. काही रुग्णांत खोबणीचाच आकार बदलतो आणि औषध बसेनासे होते. त्यांच्यासाठी 2006 मध्ये दासॅटिनिब, 2007 मध्ये निलोटिनिब आली. उलट दिशेचा एक प्रयोग फ्रान्समध्ये झाला. दोन वर्षे रोगाचा मागमूसही न आढळलेल्या रुग्णांचे औषध देखरेखीखाली थांबविण्यात आले. वर्षभराच्या निरीक्षणात शंभरांपैकी सुमारे चाळीस जणांत रोग परतला नाही, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले.

जैन वाचकाला याहूनही जवळचा वाटावा असा एक उपचार चीनमध्ये उदयास आला. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्यूकेमिया हा रक्ताचा अतिशय घातक कर्करोग. त्यात पांढऱ्या पेशी अर्धवट वाढून थांबतात आणि तशाच साचत जातात. शांघायचे डॉ. वांग झेन्यी यांनी असा विचार केला की, या पेशी मारण्याऐवजी त्यांची अडलेली वाढ पूर्ण केली तर? 1985 मध्ये त्यांनी एका पाच वर्षांच्या मुलीला ‘अ’ जीवनसत्त्वाचे नातलग असलेले एक आम्ल तोंडावाटे दिले. ती बरी झाली. 1988 मध्ये त्यांनी 24 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी 23 जणांचा रोग केवळ या औषधाने ओसरला होता. औषध रोगट पेशीला मारीत नव्हते, तिला प्रौढ करीत होते. प्रौढ झालेली पेशी आपले आयुष्य संपवून क्रमाने निवृत्त होत होती. या रोगातील गुणसूत्रांची अदलाबदल पुन्हा जॅनेट राउली यांनीच 1977 मध्ये दाखविली होती. पुढे चीनमधील हार्बिन येथे वापरात आलेल्या आर्सेनिकची, म्हणजे सोमलाच्या शुद्ध रूपाची, त्याला जोड मिळाली. ही दोन औषधे मिळून नेहमीच्या किमोथेरपीशिवायही तितकेच किंवा अधिक यश देतात, असे 2013 मध्ये युरोपातील परीक्षणाने दाखविले. षट्लेश्येच्या वृक्षाखाली सहावा वाटसरू कोण, असे विचारले तर बोट डॉ. वांग यांच्याकडेच दाखवावे लागेल.

अन्य शाखांचा विस्तार येथे शक्य नाही. कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी 1975 मध्ये एकाच लक्ष्यावर जाणारी प्रतिद्रव्ये तयार करण्याची पद्धत शोधली. तीतून 1997 मध्ये रिटुक्सिमॅब आणि 1998 मध्ये स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब ही औषधे आली. दुसरे औषध काही रुग्णांचे हृदय दुबळे करते, कारण तेच लक्ष्य थोड्या प्रमाणात हृदयाच्या स्नायूतही असते. किरणोपचारातही हाच ध्यास दिसतो. प्रोटॉनचा झोत गाठीपाशी पोहोचून आपली बहुतेक ऊर्जा तेथेच सोडतो, पलीकडच्या निरोगी भागात जवळजवळ जातच नाही. रॉबर्ट विल्सन यांनी हे 1946 मध्ये सुचविले होते. भारतात असे पहिले केंद्र 2019 मध्ये चेन्नईत झाले आणि 2023 मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत ही सोय उपलब्ध झाली.

या इतिहासाची एक बाजू जैन वाचकाला बोचल्याशिवाय राहणार नाही आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. निरोगी पेशी वाचविणारी ही औषधे उंदीर, ससे, कुत्रे यांच्या प्राणांवर तपासली गेली आहेत. प्रतिद्रव्यांची मूळ पद्धतही उंदरांवरच आधारलेली आहे. रुग्णाने औषध नाकारावे, असे यावरून कोणी म्हणणार नाही. परंतु हे ऋण मान्य केले पाहिजे. अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. भारतानेही 2023 मध्ये आपल्या नियमांत मानवी पेशी, संगणक इत्यादी पर्यायी साधनांना स्थान दिले. सक्ती गेली आहे, चाचण्या थांबलेल्या नाहीत.

ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळालेला ‘नेक्सकार19’ हा उपचार तर मुंबईचाच. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संयुक्त कार्यातून तो सिद्ध झाला. रुग्णाच्याच रक्तातील संरक्षक टी-पेशी बाहेर काढून त्यांना रोगट बी-पेशी ओळखण्याची क्षमता दिली जाते आणि त्या पुन्हा शरीरात सोडल्या जातात. 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. परदेशात अशा उपचाराला तीन ते चार कोटी रुपये लागतात. येथे तो त्याच्या सुमारे एक दशांश खर्चात, तीस-चाळीस लाखांत होतो. या टी-पेशी रोगट बी-पेशींबरोबर निरोगी बी-पेशीही नष्ट करतात, कारण दोहोंवरील खूण एकच असते. त्यामुळे काही रुग्णांना नंतर दीर्घकाळ बाहेरून प्रतिद्रव्ये द्यावी लागतात. घरचा माणूस आणि चोर यांचा चेहरा एकच, ही एर्लिख यांची अडचण येथेही पुरती सुटलेली नाही; आणि तीस लाख ही रक्कमही परळच्या फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला तीन कोटींइतकीच दूरची आहे.